डिसेंबरात जुनी गाडी दान करण्याआधी

नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उरकला की अमेरिकेत रेडिओवर एकच घोषा सुरू होतो: जुनी गाडी दान करा, करात सवलत मिळवा, गाडी आम्ही दारातून फुकट उचलून नेऊ. आपल्या नव्या मंडळींना हे ऐकून हुरूप येतो. आल्या आल्या घाईत घेतलेली, सव्वा लाख मैल पळालेली कोरोला दारात उभी असते. दुसरी घ्यायचं ठरलेलं असतं आणि डीलर जुनीचे जेमतेम हजार डॉलर देऊ करतो. मग मला फोन येतो, "काका, दान केली तर टॅक्स किती वाचेल?" भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना मी सांगतो, एक डॉलरही नाही.

इथे बहुतेक सगळ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणजे काहीही पुरावा न देता उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम. २०२५ सालासाठी ती एकट्याला १५,७५० आणि नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर ३१,५०० डॉलर आहे. दानाची वजावट हवी असेल तर ही रक्कम सोडून एकेक खर्च रिटर्नच्या शेड्यूल ए या पुरवणी फॉर्मवर मांडावा लागतो, त्याला आयटमाइझ करणं म्हणतात. दोन्ही एकदम मिळत नाही. भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचा राज्याचा कर समजा ९,००० झाला, देवळाला आणि मंडळाला मिळून हजार दिले, गाडीचे हजार धरले, तरी बेरीज ११,००० च. ३१,५०० सोडून ११,००० कोण घेईल? उलट न्यू जर्सीत घर घेतलेल्यांचं बघा: कर्जाचं व्याज १७,०००, घरपट्टी १२,००० आणि राज्याचा कर ९,०००, म्हणजे ३८,०००. हे जोडपं आधीच पलीकडे गेलेलं आहे, त्यामुळे गाडीचा प्रत्येक डॉलर त्यांच्या उपयोगी पडतो. २०२६ पासून त्यांनाही थोडी कात्री आहे: एकूण उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचं दान धरलंच जाणार नाही. आयटमाइझ न करणाऱ्यांना त्याच वर्षापासून थोडी वजावट मिळते, पण ती रोख दानावर. गाडी त्यात बसत नाही.

दुसरा गैरसमज किमतीचा. जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या केली ब्लू बुकमध्ये गाडी ३,५०० ची दिसते, म्हणून वजावटही तेवढी मिळेल असं लोक धरून चालतात. पूर्वी बरेच जण तसंच करत. भंगारात निघालेल्या गाड्यांवर हजारोंची वजावट घेतली जाऊ लागली, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, २००४ साली कायदा बदलला. २००५ पासून नियम असा की संस्थेने गाडी विकली तर लिलावात जे आलं तेच तुमचं दान. गाडी ५०० किंवा त्याहून कमीला गेली, तर तिची बाजारभावाची किंमत किंवा ५०० यातलं जे कमी ते धरता येतं. म्हणजे तुमची ३,५०० ची कोरोला लिलावात १,१०० ला गेली आणि तुम्ही आयटमाइझ करणारे, २२ टक्के कराच्या पट्टीत असलात, तर हातात पडणार २४२ डॉलर. तीच गाडी विद्यापीठात नव्याने आलेल्या एखाद्या पोराला ३,००० ला द्या. पुरे ३,००० तुमचे. घेतलेल्या किमतीपेक्षा कमीला विकली असल्याने त्यावर करही नाही. पैशासाठीच करायचं असेल तर विका, असं मी स्पष्ट सांगतो. दान करायचं ते संस्थेला द्यावंसं वाटतं म्हणून, किंवा गाडी अशी की गिऱ्हाइकाला दाखवायलाही लाज वाटावी.

बाजारभावाची पूर्ण वजावट मिळण्याचे मार्ग आहेत: संस्थेने गाडी स्वतःच्या कामात बराच काळ वापरली, मोठी दुरुस्ती केली, किंवा गरजू माणसाला नाममात्र किमतीत दिली तर. मेरीलँडमधली व्हेइकल्स फॉर चेंज गाड्या दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना देते. तिच्यासारखी संस्था जवळ असेल तर मी तीच निवडेन, कारण गाडी कुणाच्या तरी नोकरीच्या वाटेवर धावते. मात्र तुमची गाडी दुरुस्त होऊन कुटुंबाकडे जाणार की लिलावात, हे आधी विचारा. असा दावा ५,००० च्या वर गेला तर मान्यताप्राप्त मूल्यांकनही लागतं.

एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्यांनो, तुमचा फॉर्म सहसा १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं रिटर्न. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे तुम्हाला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बाकीच्या बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. ते सोडून गाडीच्या मागे लागू नका. याउलट वर्षाच्या मध्येच कायमचे परत निघालेल्यांचं त्या वर्षीचं रिटर्न सहसा ड्युअल स्टेटस, म्हणजे काही काळ निवासी आणि काही काळ अनिवासी असं असतं आणि त्यात स्टँडर्ड डिडक्शन नसतं. त्यांनी गाडी कुणाच्या तरी ड्राइव्हवेत सोडून जाण्यापेक्षा दानाचा हिशोब सीपीएकडून, म्हणजे इथल्या सीएकडून, जरूर करून घ्यावा.

संस्था करसवलतीला पात्र आहे का, हे आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावरच्या शोधात तपासा. देवळं तिथे नसली तरी पात्र असू शकतात. आपल्याकडच्या ८०जी च्या पावतीचा मात्र इथे काही उपयोग नाही. रेडिओवर ओरडणारी कित्येकदा मधली कंपनी असते. गाडीच्या पैशातले किती प्रत्यक्ष संस्थेकडे जातात, हे फोनवरच विचारा. उत्तर देताना ततपप झाली तर दुसरीकडे बघा.

टायटल म्हणजे इथलं आरसी बुक. त्यावर घेणाऱ्याच्या जागी संस्थेचं नाव लिहूनच सही करा. "ती जागा कोरी ठेवा, आम्ही भरू" असं टो ट्रकवाला म्हणाला तरी ऐकू नका. गाडी पुढे कुणाच्या हाती गेली आणि टोल, पार्किंगचे दंड तुमच्या नावावर आले, तर निस्तरता निस्तरत नाहीत. न्यू जर्सीत नंबर प्लेट काढून एमव्हीसीला, म्हणजे तिथल्या वाहन खात्याला, परत करा आणि त्यानंतरच विमा बंद करा, उलट क्रमाने नको. कॅलिफोर्नियात साध्या प्लेट गाडीवरच राहतात, पण हस्तांतराची सूचना तिथल्या वाहन खात्याला, डीएमव्हीला, ५ दिवसांत द्यावी लागते. काचेवरचा ई-झेडपास (टोलचा टॅग) काढायला विसरू नका. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेचा बोजा उतरवून घ्या.

तारखेचं म्हणाल तर आपली मार्चएंडची सवय सोडा, इथलं करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं. गाडी आणि टायटल त्याआधी हातातून गेलेलं हवं. नुसता ऑनलाइन फॉर्म भरून चालत नाही. नाताळच्या आठवड्यात टो ट्रकची वेळ मिळणं कठीण जातं, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फोन करा. उचलताना मिळालेली पावती जपा, पण खरा कागद १०९८-सी, म्हणजे गाडी कितीला गेली हे सांगणारा संस्थेचा फॉर्म. गाडी विकल्यावर ३० दिवसांत संस्थेने तो पाठवायचा असतो आणि ५०० च्या वरच्या दाव्याला तो रिटर्नला जोडावा लागतो, शिवाय वस्तूंच्या दानाचा ८२८३ हा फॉर्म वेगळा. डिसेंबरात दिलेली गाडी मार्चअखेर विकली गेली तर १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे रिटर्नच्या मुदतीपर्यंत, १०९८-सी कदाचित हातात नसेल. अशा वेळी अंदाजाने आकडा टाकू नका. एक तर ४८६८ हा फॉर्म भरून मुदतवाढ घ्या, नाहीतर वजावट न घेता रिटर्न भरा आणि कागद आला की १०४०-एक्स ने दुरुस्त करा. मुदतवाढ फक्त रिटर्नला मिळते. बाकी असलेला कर एप्रिलमध्येच भरावा लागतो.