मोठ्या संख्येचे अवयव पाडताय? या चुका टाळा

उदाहरणाला सगळ्यांच्या बोटावर असलेलीच संख्या घेऊ, १२,३४,५६,७८९. दिसायला सरळ, पण भल्याभल्यांना गंडवते.

सुरुवात सगळ्यांची बरोबर होते. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो, भागाकार १३७१७४२१. आता याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चा विषय संपला. काहीजण मात्र ३ आणि ९ ची ट्रिक २७ ला पण लावतात, तसं चालत नाही हो, खुद्द २७ च्याच अंकांची बेरीज ९ येते!

खरी गडबड पुढे. ७, ११, १३ करत करत लोक शंभरपर्यंत जातात, फारच चिकाटी असेल तर हजारपर्यंत, आणि काहीच लागत नाही म्हटल्यावर १३७१७४२१ ही मूळ संख्या आहे असं ठोकून देतात. नाहीये ती. ३६०७ × ३८०३ आहे. वर्गमूळ साधारण ३७०३.७ येतं, म्हणजे ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्याच, आणि इथे तर पहिला अवयव अगदी टोकाला लपून बसलाय, त्याच्या आधीच्या पाचशे मूळ संख्या फुकट जातात. उलटी चूक पण बघितलीय: ९ काढून झाल्यावरही सुरुवातीच्या १२,३४,५६,७८९ चंच वर्गमूळ धरून ११,१११ पर्यंत घासत बसायचं. कशाला? उरलेल्या संख्येचं वर्गमूळ घ्या ना.

आता आपली खास देशी चूक. ७, ११, १३ तिन्ही एकदम तपासायची एक मस्त ट्रिक आहे, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचं: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता ४५६ ला भागा, ७ ने बाकी १, ११ ने ५, १३ ने १, झालं, एकानेही भाग जात नाही. पण आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात, आणि लोक तेच गट उचलतात: ७८९ − ५६ + ३४ − १२ = ७५५. मग ७ ने बाकी ६ आणि ११ ने ७, दोन्ही चूक. (१३ ने मात्र नशिबाने १ च येते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.) स्वल्पविराम पुसून टाका आणि मगच गट पाडा.

एकूण विभाजक किती, तर ३ चा घात २ आहे, बाकीच्यांचा १, प्रत्येक घातात १ मिळवून गुणायचं, म्हणून ३ × २ × २ = १२. बरेच जण १ आणि स्वतः ती संख्या धरायला विसरतात आणि १० सांगतात.

पूर्ण वर्ग आहे का? शेवटचा अंक ९, ९ ने भागही जातो, म्हणजे असेल, असं नका म्हणू. १११११ चा वर्ग १२३४५४३२१ आणि त्याच्या पुढच्या १११११ + १ चा, म्हणजे १११११२ नव्हे, ११११२ चा वर्ग १२३४७६५४४, आपली संख्या मधेच अडकलीये.

आणि याहून मोठी संख्या एक्सेलमध्ये टाकणार असाल तर जपून, तिथे १५ च अंक टिकतात, सोळावा गुपचूप ० होतो. मग ती २ आणि ५ ने भागली जातेय बघून खूश होऊ नका, तो ० तुमचा नाहीये. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, फक्त भागाकाराला एक नाही, दोन तिरप्या रेघा द्या.