पहाटेचं विमान, बाहेरगावचा प्रवासी: मुंबईत आदली रात्र काढताना या चुका टाळा

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, नांदेड. गाव कुठलंही असो, परदेशाचं विमान बहुतेकांना मुंबईहूनच धरावं लागतं. तिकिटाला साठ-सत्तर हजार सुखाने मोजले जातात आणि आदल्या दिवशीच्या खोलीत पाचशे रुपये वाचवायच्या नादात सगळं गणित विस्कटतं. पैसे वाचवायला कुणाची ना नाही. पण खोली शोधताना लोक आधी भाडं बघतात आणि विमानाची वेळ मागाहून. हा क्रम उलटा केला की निम्म्या अडचणी आपोआप मिटतात.

तारीख वाचताना होणारा घोळ

परदेशाची पुष्कळ विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर लिहिलंय: १५ ऑगस्ट, ०१:२०. वाचणारा ‘१५ तारीख’ एवढंच डोक्यात ठेवतो, १४ च्या रात्री गावाहून गाडीत बसतो आणि १५ ला सकाळी मुंबईत उतरतो. विमान तोवर जाऊन पाच-सहा तास झालेले असतात. ही चूक शिकलेसवरलेलेही करतात, कारण ‘रात्रीचे एक’ म्हणजे आदल्याच दिवसाची रात्र अशी आपली सवय आणि तिकीट चालतं चोवीस तासांच्या घड्याळावर.

तिकीट हातात आलं की भिंतीवरच्या कालनिर्णयावर १४ तारखेच्या चौकोनात लिहून टाका: ‘रात्री दहा वाजता विमानतळाच्या दारात’. हॉटेलची तारीखही त्यावरूनच धरायची. १५ तारखेची खोली इथे काहीच कामाची नाही, कारण त्या खोलीचा ताबा १५ ला दुपारी मिळणार.

खोली रात्रीची हवी की दिवसाची?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असं धरून चला. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर विमानाच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतात. त्यानंतर कितीही हात जोडले तरी उपयोग होत नाही.

विमान रात्री बारा ते तीनच्या दरम्यानचं असेल तर तुम्हाला रात्रीची खोली लागतच नाही. लागते ती दिवसाची. महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलात की रात्री नऊपर्यंत आंघोळ, जेवण आणि चार तास झोप एवढीच गरज. नेहमीच्या हॉटेलात ताबा दुपारी बारा किंवा दोनला मिळतो. सकाळी सातला दारात उभं राहिलात तर ‘अर्ली चेक-इन’चे वेगळे पैसे मागतात, नाहीतर सामानासकट लॉबीत बसवून ठेवतात. त्यापेक्षा तीन पर्याय आहेत. पहिला, स्टेशनवरचं रेल्वेचं विश्रामकक्ष, म्हणजे रिटायरिंग रूम. ते आयआरसीटीसीच्या साइटवर कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर बारा तासांसाठीही मिळतं. ट्रेनचं तिकीट काढलं त्याच दिवशी हेही बघा, कारण खोल्या थोड्या आणि मागणी भरपूर. दुसरा, पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरते छोटे कप्पे. मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०२१ मध्ये ते सुरू झालं आणि नंतर सीएसएमटीलाही आलं. झोपायला पुरेसं आहे, पण दोन मोठ्या बॅगा उघडून सामान पुन्हा लावायचं असेल तर तिथे जागा होत नाही. तिसरा, ‘२४ तास चेक-आउट’वाले लॉज. सकाळी आठला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत तुमची. फोनवर नेमका हाच प्रश्न विचारा: चेक-आउट बाराचं की चोवीस तासांचं?

विमान पहाटे पाच ते सातचं असेल तर दोन ते चारच्या दरम्यान विमानतळावर पोहोचायचं असतं. म्हणजे झोप मिळाली तर चार तास. एकटा तरुण माणूस असेल तर त्याच्यासाठी अंधेरी पूर्व किंवा मरोळकडची डॉर्मिटरी पुरे. पण तिथल्या लॉकरमध्ये तेवीस किलोची मोठी बॅग मावत नाही, ती पलंगाखाली साखळीने बांधावी लागते, आणि रात्री दोनला तुमच्या खडखडाटाने बाकीचे जागे होतात. सोबत म्हातारे आईवडील असतील तर डॉर्मिटरीचा विचारही करू नका. ‘इतक्या थोड्या वेळासाठी खोली कशाला, विमानतळावरच बसू’ म्हणणारे बरेच असतात. बसता येतं, पण चेक-इन काउंटर उघडेपर्यंत सामान तुमच्याजवळच राहणार. खुर्च्या मुबलक मिळतात त्या सुरक्षा तपासणीच्या पलीकडे.

विमान सकाळी दहानंतरचं असेल तर मात्र मुक्काम विमानतळाजवळच हवा हा हट्ट सोडा. मेट्रोचा तिसरा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे पूर्ण सुरू झाला. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल आणि विमानतळाचं टी-२, म्हणजे टर्मिनल दोन, ही तिन्ही स्टेशनं एकाच मार्गावर आहेत. सीएसएमटीहून पाऊण-एक तास लागतो आणि पूर्ण मार्गाचं तिकीटच सत्तर रुपये आहे. एवढ्या पैशात टॅक्सी दोन सिग्नलही ओलांडत नाही. मेट्रो रात्रभर चालत नाही, सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमाराला शेवटची गाडी सुटते. सुट्टीच्या दिवशीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

‘डोंबिवलीला आत्या आहे की!’

आहे, आणि ती जेवू घालेल, डबाही देईल. पण डोंबिवली ते सहार, म्हणजे विमानतळापर्यंतचा, हा पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता. रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान लोकल नसते, त्यामुळे पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी करावी लागते आणि तो आकडा हजाराच्या घरात जातो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आणि रिक्षाला मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा भाडं असतं. शिवाय रात्री दीडला आत्या, तिचे यजमान आणि परीक्षा असलेली मुलगी सगळेच उठणार. टी-२ जवळची साधी खोली आणि तिथून रिक्षाचे शंभर-दीडशे, ही बेरीज पुष्कळदा फुकटच्या मुक्कामाच्या आसपासच येते. विमान दुपारचं असेल तर खुशाल आत्याकडे उतरा.

जाता जाता एक. परळ-दादरकडच्या धर्मशाळांची नावं गावात कुणीतरी सुचवतंच. त्यातल्या बऱ्याच टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहेत. तिथला एक पलंग अडवायचा विचारही मनात आणू नये.

‘विमानतळाजवळ’ म्हणजे कुठल्या विमानतळाजवळ?

आता हा प्रश्न विचारावाच लागतो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. तिकीट शोधताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत दिसतात. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सहार-सांताक्रूझ, ‘एनएमआय’ असेल तर पनवेलजवळचं उलवे. अंधेरीत खोली आणि उलव्याहून विमान अशी जोडी जमली तर पहाटे अख्खी मुंबई ओलांडायची वेळ येते. आणि उलव्याहून उडायचं असेल तर पुणे-कोल्हापूरकडून किंवा कोकणातून येणाऱ्याने मुंबईत शिरायचंच कशाला? पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही गावं वाटेवरच लागतात. कोकण रेल्वेच्या गाड्याही पनवेलला थांबतात.

जुन्या विमानतळाचीही दोन टोकं आहेत. सगळी आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टी-२ वरून सुटतात. देशांतर्गत विमानं काही तिथून, तर काही विलेपार्ले-सांताक्रूझकडच्या टी-१ वरून. दोहोंमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे. बुकिंग साइटवर ‘विमानतळापासून १.२ किमी’ असं दिसतं ते बहुतेकदा सरळ रेघेतलं अंतर असतं आणि त्या रेघेत धावपट्टी आडवी येते. कुर्ला पश्चिमेच्या आतल्या गल्लीतलं हॉटेल नकाशावर विमानतळाला चिकटलेलं वाटतं, पण गाडीला मोठा वळसा पडतो. नकाशात हॉटेल ते ‘टी-२ निर्गमन’ असा गाडीचा रस्ता टाकून बघा. मगच पैसे भरा.

रिसेप्शनवर अडणाऱ्या गोष्टी

आधारवर मुंबई-ठाण्याचा पत्ता असेल तर पुष्कळ स्वस्त हॉटेलं ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवतात. नोकरीसाठी ठाण्यात राहिलेला, पत्ता तिथलाच ठेवलेला आणि आता साताऱ्याहून आलेला माणूस यात हमखास सापडतो. बुकिंगच्या अटींमध्ये ही ओळ अगदी तळाशी असते, ती वाचा. सोबत परदेशी पासपोर्टवाला जावई किंवा नातवंडं असतील तर आधी फोन करून विचाराच. परदेशी नागरिकाची नोंद ‘फॉर्म सी’ भरून ऑनलाइन करावी लागते आणि छोटी लॉज त्या भानगडीत पडत नाहीत.

हॉटेलचा फोन नंबर सर्चमध्ये पहिला आला म्हणून खरा असतो असं नाही. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून यूपीआयवर आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार होतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

नाश्त्याचं पॅकेज घेऊ नका. पहाटे तीनला निघणाऱ्याला साडेसातच्या पोह्यांचा काय उपयोग? लिफ्ट आहे का हे मात्र विचारा. तिसऱ्या मजल्यावरून दोन बॅगा उतरवताना कंबर धरली तर पुढचा सोळा तासांचा प्रवास नकोसा होतो. आणि जीएसटी: साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. अजूनही १२ टक्के लावून बिल हातात ठेवलं तर शांतपणे विचारा.

रात्रीचं वाहन

‘फ्री एअरपोर्ट ड्रॉप’ असं लिहिलेलं असलं तरी ती गाडी रात्री अडीचला असते का, हे विचारून त्याच उत्तराचा मेसेज मागून घ्या. ॲपवर आधी ठरवलेली टॅक्सी म्हणजे गाडी नक्की असं समजू नका. वेळ आली की ॲप तेव्हाच ड्रायव्हर शोधायला लागतं आणि पहाटे तीनला जवळ कुणी नसेल तर नसतं. अर्धा तास हाताशी ठेवा आणि रात्रीच्या वॉचमनला झोपण्याआधी सांगून ठेवा. मरोळ-सहार भागात त्याला रिक्षावाले ठाऊक असतात. रिक्षा सहारच्या उन्नत मार्गावरून जात नाही, खालच्या रस्त्याने जाते, म्हणून सामान जड असेल तर टॅक्सीच बरी.

जून ते सप्टेंबर वेगळा हिशेब करा. जोराचा पाऊस झाला की अंधेरी सबवे आणि मिलन सबवे बंद होतात, म्हणजे पश्चिमेला राहिलेला माणूस पूर्वेला यायला वळसा घालतो. पावसाळ्यात खोली पूर्वेलाच घ्या. रविवारी निघणार असाल तर रेल्वेच्या मेगाब्लॉकची बातमी वाचून घ्या. घाटात वाहतूक अडकते तो प्रकार तर बारमाही आहे. गावाहून निघालेली बस रात्री अकराला पोहोचवते म्हणून दोनचं विमान धरायचं, असली योजना कागदावरही आखू नका.

निरोप द्यायला सात जण

पोरगं अमेरिकेला शिकायला चाललंय म्हटल्यावर आजी, मामा, काकू सगळे गाडीत बसतात. हौस आहे, असू दे. पण टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघूनच आत सोडतो, बाकीच्यांचा निरोप तिथेच होतो. त्या पाच मिनिटांसाठी दोन खोल्या आणि पार्किंगचा खर्च होतो. निरोपाचं जेवण गावातच करा. मुंबईपर्यंत एक-दोघंच पुरेत.

ऐनवेळी बिघडलंच तर

रात्री अकराला पोहोचलात आणि ‘बुकिंग आलंच नाही’ असं ऐकायला मिळालं, तर काउंटरवर भांडत तास घालवू नका. तिथेच उभं राहून बुकिंग साइटच्या मदत क्रमांकावर फोन लावा, नकार देणाऱ्याकडून तसा मेसेज लिहून घ्या आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या हॉटेलात शिरा. परताव्याची लढाई विमानतळावर बसून लढता येते. हे टाळायचा सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी थेट हॉटेलला फोन करून ‘उशिरा येतोय, खोली धरून ठेवा’ असं सांगणं. रात्री दहानंतर येणाऱ्या गिऱ्हाइकाची खोली बिनधास्त दुसऱ्याला दिली जाते.

दोन फोनवर दोन गजर लावा, रिसेप्शनच्या उठवण्यावर विसंबू नका. पासपोर्ट झेरॉक्ससाठी काउंटरवर ठेवला असेल तर तो झोपायच्या आधी परत घ्या, कारण पहाटे तीनला तिथे दुसराच माणूस बसलेला असतो. आणि खोली सोडण्यापूर्वी विमानाची वेळ कंपनीच्या ॲपवर बघा. विमान पाच तास पुढे गेलेलं असेल तर अंगावर पांघरूण ओढून पुन्हा झोपा. एकदा चावी दिली की तीच खोली नव्याने पूर्ण भाड्याने घ्यावी लागते.