डीलरकडून जुनी गाडी घेताना दुरुस्तीचा छुपा खर्च कसा ओळखावा

डीलरकडची जुनी गाडी धुऊन, पॉलिश करून उभी केलेली असते आणि खरेदीदाराची नजर साहजिकच रंगावर, सीटकव्हरवर आणि किलोमीटरच्या आकड्यावर जाते. नंतरचा खर्च मात्र बहुतेक वेळा झिजत आलेल्या, पण अजून बंद न पडलेल्या भागांतून निघतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश हे भाग डीलरच्या वॉरंटीत सहसा येतच नाहीत. त्यामुळे त्यांचा हिशेब किमतीची बोलणी सुरू होण्याआधीच मांडायला हवा.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे, हे आधीच सांगून ठेवावे आणि पोहोचताच बॉनेटला हात लावून खात्री करावी, कारण आधीच तापवलेल्या इंजिनाचा थंडपणी होणारा खडखडाट आणि धूर दडून राहतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. सकाळी थोडी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी उतरलेली असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांमधल्या सीलची) शंका घ्यावी. ते काम इंजिनाचा वरचा भाग उघडल्याशिवाय होत नाही.

किल्ली फिरवल्यावर इंजिन चेकचा दिवा क्षणभर लागून गाडी सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता आहे. दिवा नीट असला तरी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील त्रुटींचे कोड वाचणारे यंत्र) जोडून घ्यावा: त्रुटीचे कोड नुकतेच पुसले असतील, तर गाडीच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात आणि काही अंतर चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. विक्रीच्या तोंडावर कोड पुसलेले दिसणे ही मला गंभीर बाब वाटते आणि त्याचे कारण डीलरला स्पष्टपणे विचारावे.

टायमिंग बेल्टकडे, म्हणजे इंजिनातील वॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याकडे, फार कमी लोक लक्ष देतात. अनेक गाड्यांत तो साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. गाडीत या कामासाठी चेन नसून बेल्ट असेल आणि तो बदलल्याचे बिल मिळत नसेल, तर बदललेला नाही असेच धरून तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. क्लचची परीक्षा चालवताना होते: वरच्या गिअरमध्ये कमी वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढले, पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. इथे प्लेटच्या किमतीइतकीच मजुरीही भारी पडते, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा वाचावा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर फक्त आतल्या कडेने झिजला असेल, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) किंवा सस्पेन्शनचे काम निघण्याचा संभव असतो.

विसार देण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या, डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्यावी. डीलर याला नकार देत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी, मग ती कितीही आवडलेली असो.

वॉरंटीच्या कागदावर काय येते यापेक्षा काय वगळले आहे, ते आधी वाचावे. दाव्याची कमाल रक्कम किती, दुरुस्ती ठरलेल्याच वर्कशॉपमध्ये करावी लागते का, इंजिन उघडण्यापूर्वी लेखी परवानगी लागते का, हे विचारून घ्यावे. परवानगीवाचून उघडलेल्या इंजिनाचा दावा यावरूनच फेटाळला जाऊ शकतो. ‘आम्ही नंतर करून देऊ’ असे जे जे तोंडी सांगितले जाते, ते तारखेसह विक्रीच्या करारात लिहून घ्यावे.

ताबा मिळाल्यावर पहिले काही आठवडे रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी व डिपस्टिकवरचे ऑइल पाहावे आणि रात्री गाडी उभी होती तिथे जमिनीवर डाग आहेत का, हेही तपासावे. काही आढळल्यास छायाचित्र काढून, किलोमीटरची नोंद करून त्याच दिवशी डीलरला लेखी कळवावे, म्हणजे वॉरंटीची मुदत उलटण्यापूर्वी तक्रार केल्याचा पुरावा हाताशी राहतो.