मायसेटोमाचा दाणा लॅबपर्यंत कसा आणायचा

तालुक्याच्या दवाखान्यातून आमच्या नाशिकच्या लॅबकडे बहुतेक वेळा येतो तो पुवाचा स्वॅब. त्यावर कातडीवरचे जंतू उगवतात, रिपोर्ट त्यांचाच जातो, आणि पेठ-सुरगाण्याचा अनवाणी भात लावणारा माणूस सुजलेलं पाऊल घेऊन वर्षभर गोळ्या खात बसतो. मायसेटोमात (बुरशीने किंवा जिवाणूने पाऊल सुजून भोकं पडतात तो रोग) स्वॅब नको. मला दाणा हवा, म्हणजे पुवाबरोबर पडणारा त्या जंतूंचा बारीक गोळा.

पाय टणक सुजलाय, भोकं पडून वाहतायत, तरी दुखणं फारसं नाही, असं असेल तर विचारा, 'पुवात खसखशीएवढं काही पडतं का?' बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं असतं, पण कुणी विचारलेलं नसतं. काटा रुतल्याचं मात्र क्वचितच आठवतं.

रात्री भोकं सलाईनने पुसा. वर स्पिरिट-आयोडीन नको. निर्जंतुक गॉज सलाईनमध्ये भिजवून भोकांवर ठेवा, सैल बांधा. सकाळी सिस्टरांनी तो गॉज कचऱ्यात टाकू नये, एवढं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. दाणे त्यातच अडकलेले असतात. चिमट्याने उचलून निर्जंतुक सलाईनच्या बाटलीत टाका आणि त्याच दिवशी नाशिकला पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये घातलेला दाणा कल्चरला (जंतू उगवून पाहायला) मेलेलाच. दाणे पडतच नसतील तर सर्जनना खोलवरचा तुकडा काढायला सांगा. अर्धा कल्चरसाठी सलाईनमध्ये, अर्धा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फॉर्मॅलिनमध्ये.

लॅबमध्ये दाणा आला की आधी रंग पाहा. काळा म्हणजे बुरशी. लाल म्हणजे बहुधा ॲक्टिनोमॅड्युरा पेलेटिएरी, जिवाणू. पांढरा-पिवळा दोन्हींचा असू शकतो, तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. दाणे सलाईनने तीन-चारदा धुवा, नाहीतर वरचे जंतूच आधी उगवतील. एक दाणा दोन स्लाइडमध्ये चिरडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बघा: धागे २ ते ५ मायक्रॉन जाड तर बुरशी, १ मायक्रॉनहून बारीक तर जिवाणू. दुसऱ्याचा ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून बघायची पद्धत) करा. नोकार्डियाची (हाही जिवाणूच) शंका असेल तर झील-नील्सनमध्ये (टीबीचे जंतू रंगवायची पद्धत) नेहमीचं २० टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड वापरू नका, १ टक्क्याचं घ्या. नाहीतर रंग धुऊन जातो.

एवढी खटपट औषधासाठी. जिवाणू असेल तर कोट्रायमोक्साझोल, अमिकासिनने पाय बरा होतो. बुरशीला इट्राकोनाझोल महिनोन् महिने, बरोबर शस्त्रक्रियाही, आणि तरी परत उलटते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने १८६० मध्ये या रोगाला 'मायसेटोमा' नाव दिलं (ग्रेच्या शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं काढणारा तोच). जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत यायला मात्र २०१६ उजाडलं.

राहिलेले दाणे साबूरो अगारवर (जंतू वाढवायचं माध्यम) पेरा, एक संच २५ अंशांना, एक ३७ ला. बुरशीसाठीच्या प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल चालतं, पण बिनअँटिबायोटिकची एक प्लेट हवीच, नाहीतर जिवाणू उगवणारच नाही. झाकणावर पट्टी लावून सहा आठवडे ठेवा. आठवड्याला कुणीतरी इनक्युबेटर साफ करायला घेतंच, म्हणून पट्टीवर तारखेबरोबर मोठ्या अक्षरांत लिहा: 'टाकू नये'.