कोंड्यासकट, सालीसकट: रोजचे सकस जेवण कसे जमवावे

सकस खाण्याचा संकल्प बहुतेक घरांत सकाळच्या घाईत मोडतो. डबा साडेसातला भरायचा असतो, कडधान्य भिजवलेले नसते, पालेभाजी निवडलेली नसते, आणि मग पोळी व बटाट्याच्या काचऱ्या यांवर वेळ मारून नेली जाते. त्यामुळे या जेवणाची तयारी आदल्या रात्रीच, किंबहुना त्याच्याही आदल्या रात्री, सुरू करावी लागते.

सकस अन्न म्हणजे शेतातून ताटात येईपर्यंत ज्यातून फारसे काही काढून घेतलेले नाही असे अन्न, एवढी व्याख्या स्वयंपाकघरासाठी पुरेशी आहे. तांदळाला पॉलिश करताना कोंडा जातो आणि त्याबरोबर ब१ जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो. गव्हाचा मैदा करताना कोंडा आणि अंकुर दोन्ही जातात. हातसडीचा तांदूळ, न चाळलेली कणीक, सालीची मुगाची डाळ, ज्वारी, बाजरी, नाचणी हे सारे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते, आणि त्यासाठी परदेशी धान्याच्या महागड्या पुड्या आणण्याची काहीच आवश्यकता नाही.

प्रथम उसळीकडे वळू, कारण नियोजनाची खरी कसोटी तिथेच लागते. बुधवारी सकाळी मटकीची उसळ हवी असेल, तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी. चार माणसांना दीड वाटी पुरते. आठ-दहा तासांनी पाणी ओतून द्यावे, न भिजलेले गणंग वेचून काढावेत, कारण एखादाही दाताखाली आला की जेवणाचा रसभंग होतो, आणि मटकी ओलसर पंचात सैल बांधून चाळणीत ठेवावी. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. थंडीत पूर्ण दिवस लागतो आणि पुरचुंडी उबेच्या जागी ठेवावी लागते. मोड बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला, तर हळहळ न करता ते टाकून द्यावेत. मोड आल्याने कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषले जाण्याच्या आड येणारे फायटिक आम्ल कमी होते. उसळ उतरवल्यावर वरून लिंबू पिळावे, कारण लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. याउलट जेवणाला लागूनच चहा घेतला, तर चहातील टॅनिन त्यात अडथळा आणते, त्यामुळे मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. मोड कच्चे खाण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, परंतु त्यांच्या ओलाव्यात जिवाणूही वाढतात. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांना ते वाफवूनच द्यावेत.

भाकरीचे अर्धे यश पिठात असते. ज्वारी एका वेळी दहा-पंधरा दिवसांपुरतीच दळून आणावी. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते आठवड्यापुरतेच असावे. ज्वारीत पीठ बांधून ठेवणारे ग्लुटेन हे प्रथिन नसते, त्यामुळे पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेला चिरते. अशा वेळी उकळते पाणी घालून पीठ पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि मग चांगले मळावे. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवावे, ते सुकू लागताच भाकरी उलटावी आणि शेवटी विस्तवावर शेकावी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ज्याने तिची भाकरी खाल्ली आहे त्याला त्याचे आश्चर्य वाटत नाही. रोज भाकरी जमत नसेल, तर आठवड्यातून तीन दिवस ठरवावेत. नाचणी आंबिलीच्या रूपाने आणणे सर्वांत सोपे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते.

भाज्यांच्या बाबतीत आपला अंदाज बहुधा चुकतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खाण्यास सांगते. आपल्या ताटातली भाजी एकदा काट्यावर तोलून पाहावी, म्हणजे किती कमी पडते ते कळते. यावर सोपा उपाय म्हणजे ताटाची डावी बाजू वाढवणे: चमचाभर वाढली जाणारी काकडीची, गाजराची किंवा मुळ्याची कोशिंबीर वाटीभर घ्यावी. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, माठ यांपैकी कोणतीतरी पालेभाजी रात्री दूरचित्रवाणीसमोर बसून निवडून ठेवावी आणि सकाळी चिरण्यापूर्वी धुवावी. चिरल्यावर धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. फळ चावून खावे, त्याचा रस काढून चोथा फेकू नये.

विकतच्या पदार्थांबाबत एकच सवय लावून घ्यावी. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढच्या बाजूस ‘मल्टीग्रेन’ असे ठळक लिहिलेले असूनही मागे पहिला घटक मैदा असेल, तर ते मैद्याचेच बिस्किट समजावे. गूळ ही शेवटी साखरच आहे, हे गूळप्रेमींना पटत नाही, तरी मधुमेहाला ते पटलेले असते. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा, इतकी आहे. त्यात लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही मोजावे.

आजवर मैदा आणि पांढरा भात यांवर चाललेल्या पोटाला एकदम कडधान्ये आणि कोंडा दिला, तर ते फुगून निषेध नोंदवते. प्रमाण तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणीही वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

रात्री भाकरी उरली, तर ती कपड्यात गुंडाळून ठेवावी. सकाळी कुस्करून, कांदा, मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी देऊन, ताकाचा हबका मारून झाकण ठेवले की पाच मिनिटांत न्याहारी तयार होते, आणि वर मूठभर भाजलेले शेंगदाणे टाकले, तर डब्यातही चालते.