घरचा प्राणी घरीच कसा टिकवावा : निवारा चालवणाऱ्यांसाठी

प्राण्यांचा निवारा सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला हमखास मिळतो तो पिंजरे वाढवण्याचा, आणि तो बाजूला ठेवावा असे माझे ठाम मत आहे. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी जागा, पाणी आणि माणसे या तिन्हींची ओढाताण असते. पिंजरे कितीही बांधले तरी ते भरतातच. शिवाय लस पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी निवारा हीच धोक्याची जागा असते, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू जमिनीत आणि भांड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो. मांजर अनोळखी जागी अनेकदा खाणेच सोडते आणि काही दिवसांचा उपास त्याच्या यकृतावर बेततो. म्हणून घरचा प्राणी त्याच्याच घरी राहील असे पाहणे, हे निवाऱ्याचे पहिले काम आहे. जागा, नोंदणी, पशुवैद्यक आणि मदतनीस यांची सोय झालेली आहे असे गृहीत धरून पुढचे सांगते.

लसीकरण शिबिर वस्तीत जाऊन, ऊन चढण्याआधी घ्यावे. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. शीतपेटीत ती बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेली लस निकामी होते. तीन महिने पूर्ण झालेल्या पिल्लाला पहिली मात्रा द्यावी, पुढची तारीख पशुवैद्यकाकडून कार्डावर लिहून घ्यावी आणि कार्ड मालकाच्या हाती द्यावे. त्याच वेळी मालकाचा फोन नंबर लिहिलेला पट्टा गळ्यात घालावा.

नसबंदी सवलतीत करून द्यावी. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते, एवढे सांगितले की बहुतेक घरे तयार होतात. अवघड शस्त्रक्रिया असेल तर परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवावे.

खाद्याची मदत करताना पाकिटातले खाद्य वाटू नये. दोन महिने फुकट मिळालेल्या खाद्याची सवय लागते आणि ते बंद झाले की त्या घराला तो खर्च पेलत नाही. कणी, अंडी आणि डाळ द्यावी. घरातल्या भाकरीला त्यांची जोड मिळाली की कुत्र्याचे चांगले भागते. कांदा, द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये, आणि माणसांची तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नये, कारण पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते, हे प्रत्येक घरी तोंडी सांगावे.

आता खरा अवघड टप्पा. माणूस प्राणी घेऊन फाटकाशी उभा राहतो आणि म्हणतो, "हे ठेवून घ्या." हा टप्पा मला सर्वांत जड गेला, आणि याविषयी दिले जाणारे सल्लेही सर्वांत वाईट आहेत. कोणी म्हणते, त्याला खडसवा. कोणी म्हणते, कायदा दाखवा. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, हे खरे. परंतु फाटकाशी आलेल्या माणसाला ते कलम ऐकवले, तर तो माघारी फिरतो आणि रात्री अंधारात महामार्गावरच्या ढाब्याजवळ प्राणी सोडून येतो. त्याचे ऐकून शेजारीही फाटकाकडे फिरकत नाहीत. जो दिवसाउजेडी आला आहे, त्याच्या मनात अजून माया आहे, असे धरून बोलायला सुरुवात करावी.

आधी प्राणी सावलीला बांधावा आणि माणसाला आत घ्यावे. "बसा मामा, पाणी घ्या," यापेक्षा चांगली सुरुवात मला अजून सापडलेली नाही. अर्ज पुढे करू नये आणि कारणही लगेच विचारू नये. प्राण्याचे नाव काय, तो काय खातो, रात्री कुठे झोपतो, कोणाच्या मागे फिरतो, हे आधी विचारावे. माणूस पहिल्या दमात सांगतो ते कारण बहुधा खरे नसते. "वेळ मिळत नाही" याच्या मागे घरमालकाची तंबी असते, "फार भुंकतो" याच्या मागे शेजाऱ्याशी बांधावरून झालेले भांडण असते, आणि "आजारी आहे" याच्या मागे दवाखान्यात न परवडणारे बिल असते. प्राण्याविषयी बोलता बोलता खरे कारण आपोआप वर येते, आणि तोवर थांबण्याचा धीर निवाऱ्यातल्या माणसाकडे असलाच पाहिजे.

मग एक प्रश्न न चुकता विचारावा : याला भाकर कोण टाकते? पुष्कळदा प्राणी सोडायला येणारा एक असतो आणि त्याला खाऊ घालणारी दुसरीच असते. आजी, सून किंवा शाळेत जाणारे मूल घरी असते आणि त्यांना या निर्णयाची कल्पनाही नसते. अशा वेळी त्या माणसासमोरच घरी फोन लावण्याची विनंती करावी. "मावशी, ह्याला इथं आणलंय, तुम्हाला ठाऊक आहे का?" एवढेच विचारावे. या एका फोनने जितके प्राणी घरी परत जातात, तितके दुसऱ्या कशानेही जात नाहीत.

कारण कळले की त्याच दिवशी काहीतरी हातात द्यावे. पुढच्या आठवड्यात पाहू, असे म्हणू नये. गोचिडांमुळे घरात कटकट असेल तर औषध तिथेच लावून द्यावे. सोसायटीची हरकत असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत द्यावी. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. घरमालकाशी मात्र कागदाने वाद घालू नये. स्वतः जाऊन त्याच्याशी बोलावे.

कुत्रा चावला म्हणून आणला असेल, तर कुत्र्याचे नंतर पाहावे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुतली का, हे आधी विचारावे. हळद, चुना किंवा तिखट लावले असेल तर ते धुऊन काढायला सांगावे आणि माणसाला ताबडतोब सरकारी रुग्णालयात पाठवावे. कुत्रा १० दिवस निरोगी राहिला तर धोका टळला असे मानतात, परंतु त्या निरीक्षणासाठी इंजेक्शन थांबवायचे नसते. दोन्ही एकाच वेळी सुरू करावे. निरीक्षण घरी बांधून करता येते, आणि घाबरलेल्या घराला हा १० दिवसांचा आधार देताना आपला माणूस रोज तिथे डोकावला पाहिजे.

एवढे करूनही काही प्राणी ठेवून घ्यावेच लागतात. मालक वारला आहे, घरात प्राण्याला मारहाण होते, किंवा कुत्रा वारंवार गंभीर चावे घेतो, अशा वेळी वाद न घालता प्राणी आत घ्यावा.

बीड जिल्ह्यात आणि आसपास आणखी एक काम वर्षाच्या ठरावीक वेळी येते, आणि शहरी निवाऱ्यांच्या सल्ल्यांत त्याचा उल्लेखही नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे राहिलेला कुत्रा बंद दारापुढे बसून राहतो. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन या स्थलांतराच्या थोडा आधी येतो, तेव्हा त्या आठवड्यातले शिबिर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर घ्यावे. जे कुटुंब कुत्रा सोबत नेणार आहे, त्याला लसीचे कार्ड, पट्टा आणि गोचिडाचे औषध द्यावे. उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, राखण करणारा कुत्रा त्या घराच्याही कामाचा असतो. जे मागे ठेवणार आहे, त्याच्याकडून गावात राहणाऱ्या एका वृद्ध नातेवाइकाचे नाव घ्यावे आणि कुत्र्यासाठीची कणी महिन्याच्या महिन्याला त्या घरी पोहोचवावी. सगळा शिधा एकदम देऊ नये.

मालक रुग्णालयात असेल किंवा घर पडले असेल, तर प्राणी तात्पुरता ठेवावा, पण कागद करून : परत नेण्याची तारीख, दोन फोन नंबर आणि मालकाची सही. ठेवण्यापूर्वी लस द्यावी आणि असा प्राणी इतरांपासून वेगळा ठेवावा. तारीख जवळ आली की फोन आपण करावा. मालकाची वाट पाहू नये.

घरी परत गेलेल्या प्रत्येक प्राण्याची वहीत वेगळी नोंद ठेवावी. तिसऱ्या दिवशी, महिन्याने आणि उन्हाळा लागताना असे तीन फोन करावेत, आणि फोन मालकाला न करता, शक्य असेल तेव्हा, भाकर टाकणाऱ्या व्यक्तीला करावा. फोन लागला नाही तर त्याच आठवड्यात घरी जावे, आणि जाताना गोचिडाचे औषध सोबत न्यावे.