जुन्या लष्करी डिझेल ट्रकचे हीटर प्लग बदलताना या चुका टाळा

गार डिझेल इंजिन पेटावं म्हणून आतून ऊब देणारी ही विजेची छोटी कांडी. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तिला हीटर प्लग म्हणतात, इथे मिनेसोटात ग्लो प्लग. नाव काहीही असो, जानेवारीत उणे वीस अंशांत चावी फिरवली आणि इंजिन नुसतंच कण्हत राहिलं, की दोन्ही भाषांतल्या शिव्या आठवतात.

माझा ट्रक १९८४चा एम१००८. नागरी शेव्हरले पिकअपवर खाकी चढवून अमेरिकन लष्कराने घेतलेला हा सव्वाटनी. त्याचं धाकटं भावंड म्हणजे ब्लेझरवर बेतलेली एम१००९. दोघांत ६.२ लिटरचं डेट्रॉइट डिझेल व्ही-८ इंजिन आणि आठ हीटर प्लग. हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कोठडीत, प्रीचेंबरमध्ये पडतं. गार इंजिनात दाबलेल्या हवेची बरीचशी ऊब त्या कोठडीच्या भिंतीच पिऊन टाकतात. म्हणून थंडीत प्लगशिवाय हे इंजिन उठत नाही.

मी घेतला तेव्हा विकणारा म्हणाला होता, "प्लग नवेकोरे टाकलेत." खरंच टाकले होते. आठातले पाच दोन महिन्यांत गेले. मग पुढच्या सगळ्या चुका मी ओळीने केल्या.

२४ व्होल्टची गाडी, म्हणून २४ व्होल्टचे प्लग

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या ट्रकचं वायरिंग अर्धं लष्करी, अर्धं नागरी आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, दोन अल्टरनेटर. सेल्फ २४ व्होल्टवर फिरतो. दिवे, वायपर वगैरे बाकीचा संसार १२ व्होल्टचा. आणि हीटर प्लग? ते १२ व्होल्टचेच आहेत, पण त्यांना वीज दिलीय २४ व्होल्टमधून. मधले जादा व्होल्ट खायला एअर क्लीनरच्या मागे, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) रेझिस्टर बसवलेत.

मी काय केलं, तर आठही प्लगच्या वायरी काढल्या, एका वायरीच्या टोकाला मीटर लावला आणि बायकोला चावी फिरवायला सांगितली. मीटरवर २४च्या वर आकडा. झालं! मला वाटलं, आधीच्या मालकाने चुकून १२चे प्लग बसवले, म्हणूनच ते जळत होते. २४ व्होल्टचा संच मागवायच्या बेतात होतो.

चूक मोजण्यात होती. रेझिस्टर व्होल्ट खातो तो त्यातून करंट वाहत असतानाच. सगळे प्लग सुटे असतील तर करंट शून्य, म्हणून दुसऱ्या टोकाला पूर्ण २४ दिसणारच. आठही प्लग जोडलेले ठेवून त्याच जागी मोजा, आकडा १२च्या आसपास येतो. त्या भरात मी २४चे प्लग बसवले असते, तर मधल्या रेझिस्टरमुळे त्यांना पूर्ण २४ कधीच मिळाले नसते. आणि व्होल्ट जेवढे घटतात त्याहून उष्णता जास्त घटते. प्लग कोमट होऊन बसले असते आणि मी इंजेक्शन पंपाला दोष देत बसलो असतो.

उलटी चूकही होते: रेझिस्टर जागेवर आहेच असं धरून चालणं. कित्येक मालकांनी रेझिस्टर बाजूला काढून प्लगना सरळ १२ व्होल्ट दिलेले असतात, आणि माझ्या मते ते बरंही आहे. तेव्हा तुमच्या गाडीत आत्ता काय आहे ते आधी डोळ्यांनी बघा. रेझिस्टरकडे जाणाऱ्या जाड वायरी जागेवर आहेत की कुणी हलवल्यात? प्लगना वीज सोडणाऱ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) येणारी वायर कुठून येते? मॅन्युअलमधला नकाशा १९८४चा आहे, त्यानंतर गाडी किती हातांतून गेली ते नकाशाला ठाऊक नसतं.

एखाद-दुसराच बदलणं

"सहा चांगले आहेत, दोनच आणतो." मूळ रेझिस्टर जागेवर असेल तर ही काटकसर अंगाशी येते.

गणित साधं आहे. आठही प्लग शाबूत असताना रेझिस्टर १२ खातो आणि प्लगना १२ मिळतात असं धरू. म्हणजे दोघांचा रेझिस्टन्स सारखा. आता चार प्लग मेले. उरलेल्या चौघांचा एकत्र रेझिस्टन्स दुप्पट झाला, म्हणून २४ची वाटणीही बदलली: रेझिस्टर ८ खातो, प्लगवर १६ पडतात. दोनच उरले तर त्यांच्यावर १९च्या वर. तापल्यावर प्लगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे हलतात, पण दिशा हीच. एक गेला की उरलेल्यांवरचा भार वाढतो, मग दुसरा जातो, मग रांगच लागते. माझे पाच गेले ते असेच. वरून गंमत म्हणजे आठ प्लग समांतर जोडलेले असल्यामुळे पहिला एक-दोन गेला तरी काही कळत नाही. ऑक्टोबरात गाडी नेहमीसारखी चालू होते, डिसेंबरात जरा जास्त वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि जानेवारीत सगळा हिशेब एकदम समोर येतो.

म्हणून संच आठचाच आणा, एकाच जातीचा. जुन्या सरकारी सुट्या भागांत मिळणारा प्लग आणि आजचा स्वनियंत्रित प्लग एकाच इंजिनात मिसळू नका. दोघांचा करंट वेगळा, तापायचा वेग वेगळा.

कुठला घ्यायचा?

स्पष्टच सांगतो: मी स्वनियंत्रित प्लग घेतले, एसी-डेल्को ६०जी. त्याच्या आत दुसरी एक कॉइल असते. ती जसजशी तापते तसतसा तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो. रिले चार सेकंद जास्त चालू राहिला तरी प्लग जळून जात नाही. जुन्या पद्धतीचे जलद प्लग, ९जी किंवा १३जी, झटकन लाल होतात हे खरं, पण त्यांना आवरायला, म्हणजे वेळेत रिले बंद करायला, कंट्रोलर धडधाकट लागतो. चाळीस वर्षांच्या कंट्रोलर कार्डावर माझा एवढा विश्वास नाही.

जास्त तापले की जुन्या प्लगची टोकं फुगतात, हा दुसरा धोका. फुगलेलं टोक ज्या भोकातून आत गेलं त्यातून बाहेर येत नाही, त्याबद्दल पुढे.

खोक्यावर '६.२ मिलिटरी' एवढंच लिहिलं असेल तर थांबा. हमव्ही या लष्करी गाडीतही याच घराण्याचं इंजिन आहे, पण तिचं वायरिंग पूर्ण २४ व्होल्टचं आणि कंट्रोल बॉक्स निराळा. आणि एम३५ या मोठ्या लष्करी ट्रकसाठी प्लग शोधत असाल तर शोधूच नका. त्याच्या मल्टिफ्युएल (अनेक इंधनांवर चालणाऱ्या) इंजिनात हीटर प्लग नसतातच. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, डिझेल जाळून हवा तापवायची सोय असते.

नवा प्लग आला की त्याच्या माथ्यावरची पट्टी जुन्या वायरीच्या टोपीत बसते का ते हाताने बघा. पट्टीच्या रुंदीत फरक असतो. टोपी सैल बसली तर जोड तापतो, काळा पडतो आणि तेवढा एक सिलिंडर गार राहतो. नव्या टोप्या काही डॉलरांत मिळतात, पक्कडीने जुनी चिमटून भागवू नका.

जळण्याचं कारण न शोधता नवे बसवणं

कंट्रोलरचं कार्ड किंवा रिले बिघडलेला असेल तर नवा संचही जुन्याच वाटेने जाणार. फायरवॉलवरचा रिले आतून चिकटला तर चावी काढल्यावरही प्लग तापत राहतात. तपासणी सोपी आहे: चावी बंद करा, रिलेच्या प्लगकडच्या टोकाला मीटर लावा. शून्य दिसलं पाहिजे. गार इंजिन चालू झाल्यावर थोडा वेळ रिलेची टक-टक येते, त्याला घाबरू नका. ते ठरलेलंच आहे. आवाज न करता नुसता चालू राहिलेला रिले घातक.

कार्ड काढून डॅशबोर्डला बटण बसवणारे बरेच आहेत. मीही बसवलंय. पण मग सेकंद मोजायचे ते तुम्हीच. मित्र गाडी न्यायला आला तर त्याला हे सांगायला विसरू नका.

दोष प्लगचाच आहे का?

सेल्फ मारताना मागच्या पाइपातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. तिथे प्लगवर संशय घ्या. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. फिल्टर, पाइपात शिरलेली हवा, पंपावरचा शटऑफ सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-तोडणारा विजेचा खटका) आधी बघा. आणि सेल्फच रडतखडत फिरत असेल तर बॅटरी. दोन्ही बॅटऱ्या एका वयाच्या हव्यात, नाहीतर नवी जुनीला ओढत बसते.

प्लग तपासायला महागडं काही लागत नाही. त्याची वायर काढा, टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, टोक प्लगच्या पट्टीला टेकवा. दिवा लागला तर प्लगची कॉइल शाबूत, नाही लागला तर तुटलेली. आठ प्लगना पाच मिनिटं.

गार इंजिन उठवायला काहीजण मारतात तो ईथरचा स्प्रे मात्र या इंजिनात कधीही मारू नका. लाल झालेल्या प्लगवर ईथर गेलं की पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका उडतो आणि पिस्टन, रिंगा, काहीही फुटू शकतं.

ओढाताण

प्लग सुटा झालाय, हाताने फिरतोय, पण वर येत नाही. म्हणजे टोक फुगलंय. इथे पक्कडीने हिसका दिला की टोक तुटून प्रीचेंबरमध्ये पडतं. मग इंजेक्टर काढून ते बाहेर काढायची खटपट, आणि ती फसली तर हेड खोलणं. त्यापेक्षा भेदक तेल सोडा, रात्रभर थांबा, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन कोमट असताना प्लग गोल फिरवत, मागेपुढे करत हळूहळू वर घ्या. माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगने चाळीस मिनिटं खाल्ली. बाहेर आला तेव्हा टोक हरभऱ्याएवढं फुगलेलं आणि एका बाजूने चिरलेलं होतं.

प्रवाशाच्या बाजूचा सगळ्यात मागचा प्लग वरून दिसतही नाही. त्या बाजूचं चाक काढा आणि व्हील आर्चमधून हात घाला. बोनेटवरून वाकून बोटं सोलून घेऊ नका.

नवा प्लग आधी हातानेच आटे धरेपर्यंत फिरवा, मग सॉकेट. आट्यांना अँटिसीझ (आटे पुढे अडकू नयेत म्हणूनचं मलम) नावापुरतं लावा. प्लगचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच होतं, म्हणून बसण्याची जागा स्वच्छ हवी. किती आवळायचं त्याचा आकडा टीएम ९-२३२०-२८९-२० या लष्करी मॅन्युअलमालेत बघा, दंडातल्या जोरावर जाऊ नका.

आठही बसवून, आठही वायरी जोडून मी पुन्हा त्याच जागी मीटर लावला. बायको पुन्हा चावीवर, या वेळी अंगावर दोन स्वेटर. ११.६. दहा सेकंद थांबलो, सेल्फ मारला. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच इंजिन धरलं, थोडा पांढरा धूर आला आणि विरला. शेजारच्या खिडकीतला दिवा मात्र लागला.